शेरा

सीनेवरच्या पुलाच्या तिसऱ्या खांबाला
लाल-पांढरी पट्टी रंगवली आहे.
रोज सकाळी आठला मी तिच्यासमोर उभी राहते
आणि नदीची उंची वहीत लिहिते.
माझ्याआधी हे काम आप्पांनी केलं, एकतीस वर्षं.
अंगठ्याला शाई, खिशात टॉर्च,
घरातल्या दुधाचा हिशेबही दोन दशांशांपर्यंत.

वहीतला शेवटचा रकाना: शेरा.
आप्पांच्या वह्यांत तिथं बहुतेक ‘निरंक’.
मधूनच कधी बारीक अक्षरात
‘पाणी गढूळ. वर कुणीतरी माळ फोडला असावा.’
‘मलकप्पा भोयाला वाम घावली, हातभर.’
‘वाळूत टिटवीची अंडी, चार. उंचावर आहेत.’

टिटवीनं उंचावर घातली तर पाऊस दांडगा,
खाली पात्रात घातली तर कोरडं साल.
रेडिओवरच्या बातम्यांआधी
आप्पा तिला विचारून यायचे.

मग माळ गेला.
कुसळीचा, काळविटांचा,
पाऊस पडला की दोन-दोन दिवस
पाणी धरून बसणारा.
जेसीबीनं एका उन्हाळ्यात तो परातीसारखा केला,
ओढ्याला सांगितलं, वाकडं चालायचं नाही.
शाळू होता तिथं ऊस आला.
शाळू थंडीतल्या दवावर निभावून न्यायचा,
ऊस म्हणजे नुसता घसा.

जुन्या-नव्या वह्या शेजारी उघडून बघा.
पूर तीन दिवस चढायचा, पाच दिवस उतरायचा.
शेळ्या सोडायला, पीठ वर टांगायला
वेळ द्यायचा.
आता मिरगात ढग नुसते हजेरी लावून जातात
आणि उत्तरा नि हत्तीत
महिन्याचं पाणी एका रात्रीत.

त्या सप्टेंबरात रात्री दोनला टॉर्च मारला
तर पट्टीच दिसेना.
सगळ्यात वरचा आकडाही पाण्यात.
फोनवर नियंत्रण कक्ष: मॅडम, पातळी सांगा.
म्हटलं, बाभळीवरच्या सुगरणीच्या खोप्याला लागलंय.
मीटरमध्ये सांगा.
म्हटलं, खोपा गेला.

आणि फेब्रुवारीत तीच नदी
पट्टीच्या शून्याखाली दीड हात.
वाळू गेली ना. रात्रीच्या ट्रॅक्टरांतून गेली,
शहरातल्या स्लॅबांत गेली,
दोन ब्रास माझ्याही घरात आहे,
पावती नाही.
तळ खाली सरकला आणि शून्य
खांबावर लटकत राहिलं,
ओल नसलेल्या उंचीवर.

फॉर्मात वजा लिहायची सोय नाही.
साहेब म्हणाले, निरंक टाका.

निरंक कसं टाकू?
खाली डबकं आहे, मळीच्या रंगाचं.
मलकप्पाचा नातू त्यात जाळं टाकतो,
चिलापी येते, परत चिलापी, परत चिलापी.
परवा त्यानं मोबाईल पुढे केला:
ताई, मरळ अशीच दिसायची का?
मी बराच वेळ फोटो बघितला.
मला खात्रीनं सांगता येईना.

यंदा टिटवी पात्राकडे फिरकली नाही.
मार्चात माझ्या घराच्या गच्चीवर
खडीच्या उरलेल्या ढिगात
तिनं चार अंडी घातली.
मी गेले की अंगावर येते.
भर दुपारी डबक्यावर उतरते,
पोटाची पिसं भिजवते
आणि तीच ओल घेऊन
तापल्या स्लॅबवर परत बसते.

आप्पा आता अंथरुणावर असतात.
सांगितलं तर लगेच विचारलं,
उंचावर, की पात्रात?

मी वर बघितलं.
गच्ची जमिनीपासून साडेतीन मीटर.
आणि तिच्यातली वाळू सगळी सीनेची.

आज सकाळी आठ वाजता,
पातळी: रकाना कोरा ठेवला.
शेरा: टिटवी बसली आहे.
चारपैकी तीन.